अर्धी गाडी कारखान्याची, उरलेली कुणाची?

नवं इंजिन बसवून झालंय, मित्रमंडळी भोवती उभी आहेत, मालक स्टिअरिंगवर. तो पहिला गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि गाडी सरळ मागे जाऊन गॅरेजच्या भिंतीला टेकते. दुसरा टाकला तरी मागेच, फक्त जरा जोरात. शेवटी वैतागून रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे स्वारी पुढे निघाली. मागे जायला चार गिअर आणि पुढे यायला एकच!

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जुन्या बग्गीवाल्यांच्या घोळक्यात बसलात की हा किस्सा कुणी ना कुणी सांगतोच. दर वेळी तो सांगणाऱ्याच्या 'एका मित्राच्या' बाबतीत घडलेला असतो. स्वतःच्या गॅरेजमध्ये घडला असं कबूल करणारा मला अजून भेटायचाय. यातलं तांत्रिक कारण मात्र अस्सल आहे. जनरल मोटर्सने १९६० ते १९६९ या काळात कॉर्वेअर नावाची गाडी काढली होती. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन फोक्सवॅगन बीटलसारखंच मागे बसणारं, हवेने थंड होणारं, आणि ताकद बीटलच्या दुप्पट. त्यामुळे ते काढून बीटलच्या गिअरबॉक्सला जोडायचा मोह अनेकांना झाला. अडचण एवढीच, की ते बीटलच्या इंजिनाच्या उलट दिशेने फिरतं. मग गिअरबॉक्स उघडून आतलं क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला बसवा, नाहीतर इंजिनात वेगळा कॅमशाफ्ट घालून त्याची दिशाच बदला. दोन्ही विसरलात, की वरचा तमाशा फुकट बघायला मिळतो.

ऑरेंज काउंटीतल्या ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी सुट्टीच्या दिवशी हात काळे करून घेतो, तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीत असं काहीतरी दडलेलं असतं. या 'किट कार'. १९६० आणि ७०च्या दशकात अमेरिकेत फायबरग्लासची नुसती बॉडी विकत मिळायची. ती घरी आणायची, अपघातात गेलेली किंवा गंजलेली बीटल स्वस्तात उचलायची, तिचा पत्रा काढून टाकायचा आणि खालच्या सांगाड्यावर ही नवी बॉडी चढवायची. म्हणजे अर्धी गाडी कारखान्याने बनवली, उरलेली कुणा शिक्षकाने, प्लंबरने, नाहीतर कॉलेजच्या पोराने. पहिल्या अर्ध्या भागाचा इतिहास पुस्तकांत सापडतो. दुसऱ्या भागाचा कुठेच लिहिलेला नाही, तो गाडी उघडून वाचावा लागतो. आमचं खरं काम हेच.

होड्यांच्या कारखान्यातला माणूस

या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष ब्रूस मायर्स. जन्म १९२६, लॉस एंजेलिस. चित्रकलेचं शिक्षण, समुद्रावर सर्फिंग आणि दुसऱ्या महायुद्धात नौदल. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळ 'बंकर हिल' या विमानवाहू जहाजावर दोन कामिकाझे विमानं आदळली, तेव्हा मायर्स त्या जहाजावर होता. जवळपास चारशे माणसं गेली, हा वाचला.

पुढे कॉस्टा मेसाच्या जेन्सन मरीन या कंपनीत शिडाच्या फायबरच्या होड्यांचे साचे बनवायचं काम त्याने केलं. त्याने पुढे बनवलेल्या मँक्स या बग्गीचं मूळ याच साच्यांत आहे. सपाट फायबर लवचीक असतं, दाबलं की थरथरतं. त्यालाच दोन दिशांनी गोलाई दिली की तेच पातळ फायबर ताठ होतं. होडी बांधणाऱ्याला ही गोष्ट मुरलेली असते. मँक्सचे ते फुगीर मडगार्ड, मधे खोलगट होत गेलेली बाजू, उचललेलं नाक हे सगळं दिसायला खेळकर, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक वळणरेषा बॉडीला ताठपणा देण्यासाठी कामाला लावलेली आहे.

त्या काळी पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर लोक जुन्या गाड्या सोलून, त्यांत मोठमोठी व्ही-८ इंजिनं घालून धुडगूस घालायचे. अशा पाण्याने थंड होणाऱ्या जडशीळ गाड्यांना चेष्टेने 'वॉटर पंपर' म्हणत. त्यांच्याच शेजारून बीटलचं इंजिन लावलेल्या हलक्या गाड्या वाळूवरून अलगद निघून जात. मायर्सने हे पाहिलं आणि न्यूपोर्ट बीचच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. १९६४ मध्ये पहिली गाडी तयार झाली. ती पुढे 'ओल्ड रेड' म्हणून ओळखली गेली.

ओल्ड रेडला खाली बीटलचा सांगाडाच नाही. फायबरची बॉडी हाच सांगाडा. आत लोखंडी आधार आणि चाकं-इंजिन फोक्सवॅगनचं. गाडी भन्नाट, पण किट बनवायला महाग आणि जुळवायला किचकट. अशा बाराच बॉड्या निघाल्या आणि मायर्सच्या लक्षात आलं, की असंच चालू ठेवलं तर धंदा बुडणार. मग त्याने सरळ मार्ग धरला: बीटलचाच फ्लोअर पॅन, म्हणजे तळाचा सांगाडा, घ्यायचा, तो चौदा इंचांहून थोडा जास्त आखूड करायचा आणि वर बॉडी बोल्टने कसायची. किंमत जवळपास निम्म्यावर आली आणि गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. सोबत एक जोखीमही आली: गाडीचा कणा कापून पुन्हा जोडायचं काम आता ग्राहकाच्या हातात गेलं होतं.

चौदा इंचांचं शवविच्छेदन

बीटलच्या पॅनच्या मधोमध एक पोकळ बोगदा जातो. आमच्या भाषेत टनेल. गिअरचा दांडा, क्लचची केबल, एक्सलेटरची केबल, हँडब्रेकच्या केबली, पेट्रोलची नळी असं सगळं त्याच्या पोटातून जातं. पॅन आखूड करायचा म्हणजे हा टनेल कापायचा, आतल्या नळ्या कापायच्या, गिअरचा दांडा तेवढाच आखूड करून पुन्हा जोडायचा आणि मग सगळं वेल्ड करायचं. दोन्ही तुकडे एका रेषेत बसले नाहीत, तर मागची चाकं पुढच्यांच्या मागे येत नाहीत. गाडी जाते सरळ, पण तोंड तिरकं ठेवून.

म्हणून गाडी आमच्याकडे आली की आम्ही रंग बघत नाही, इंजिन चालू करत नाही. आधी तिला वर घेतो आणि खालच्या काळ्या डांबरी थरावर तारेचा ब्रश मारतो. वेल्डिंगचा सांधा दिसू लागला, की तो पहिला अनामिक कारागीर बोलायला लागतो. सांधा एकसारखा, शिस्तीत असेल, तर काम येणारा माणूस होता. फक्त वरच्या बाजूने जोडलं असेल आणि खालून फट तशीच असेल, तर संध्याकाळच्या वेळात, उजेड जायच्या आत उरकलेलं. एका गाडीत दोन तुकडे बोल्टने आवळलेले निघाले होते; वर वेल्ड दिसावा म्हणून पुट्टी ओढून रंग दिलेला. मालकाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. गेली कित्येक वर्षं तो त्याच गाडीतून फ्रीवेवर नातवंडांना फिरवत होता.

चासी नंबरची गोष्ट तर आणखी मजेची. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली टनेलवर ठोकलेला असतो. किट कारची बॉडी कुठल्याही सालची असो, कागदोपत्री ती बहुतेक वेळा त्या मूळ बीटलच्याच नावाने जगते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे. त्यामुळे वर झगमगीत बॉडी आणि खाली साठच्या दशकातला गंजका टनेल असेल, तर ग्राहक त्या गंजक्या तुकड्यावर जास्त खूश असतो. पॅन कापताना कुणी नंबराचा तुकडाच फेकून दिलेला निघाला, तर आरटीओसारख्या खात्यापुढे त्या गाडीचा जन्मच झालेला नसतो!

वाळवंटातली जाहिरात आणि साच्यांची चोरी

जाहिरातीवर खर्च करायला मायर्सच्या छोट्या कंपनीकडे पैसा कुठला? एप्रिल १९६७ मध्ये मायर्स आणि त्याचा मित्र टेड मँगल्स ओल्ड रेड घेऊन मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पात गेले. ला पाझपासून तिहुआनापर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मार्ग, बराचसा दगडधोंड्यांचा आणि वाळूचा. होंडा मोटरसायकलींचा १९६२ चा विक्रम होता जवळपास ४० तासांचा. या दोघांनी ३४ तास ४५ मिनिटांत तो मोडला. त्याच वर्षी पुढे तिथे 'मेक्सिकन १०००' ही शर्यत सुरू झाली. तीच पुढे 'बाहा १०००' म्हणून जगभर गाजली. पहिल्याच वर्षी विजेती ठरली मँक्स बग्गी, वेळ २७ तास ३८ मिनिटं. चालवणारे व्हिक विल्सन आणि तोच टेड मँगल्स.

ऑर्डरींचा पाऊस पडला आणि त्याच पावसात साचे चोरणाऱ्यांचं पीक आलं. 'चोरी' हा शब्द ऐकून कुणी रात्री कुलूप तोडलं असेल असं वाटेल, पण तसं काहीच लागत नाही. दुकानातून एक मँक्स बॉडी घ्यायची, तिला मेण चोपडायचं, वरून फायबरचे थर चढवायचे आणि वाळले की उचलायचं. साचा तयार! पेणच्या कारखान्यात मूर्तीवरून साचा, साच्यातून मूर्ती आणि त्या मूर्तीवरून पुन्हा साचा असं करत गेलं, की मुकुटाची कलाकुसर बोथट होत जाते, अगदी तसंच इथेही होतं. नकलेची नक्कल, तिची नक्कल. आमच्याकडे येणाऱ्या काही बॉड्यांच्या कडा इतक्या गोळमटोळ असतात, की ही कितवी पिढी याचा अंदाज बोटानेच करता येतो.

मायर्सकडे पेटंट होतं. तो कोर्टात गेला. न्यायाधीशांनी ही गाडी पेटंट मिळण्याजोगी नाही असा निकाल दिला आणि मैदान सगळ्यांना मोकळं झालं. अस्सल मँक्स निघाल्या पाच हजारांच्या वर. जगभरातल्या नकला मिळून लाखांत गेल्या. वैतागलेला मायर्स १९७० मध्ये बाहेर पडला आणि १९७१ मध्ये कंपनी बंद झाली. त्यानंतर कित्येक वर्षं हा माणूस बग्गीपासून चार हात दूरच राहिला. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या ल माँ इथे बग्गीवेड्यांनी त्याला बोलावलं. तिथलं प्रेम पाहून तो विरघळला आणि त्याच वर्षी पत्नी विनीसोबत त्याने मँक्स क्लब सुरू केला. पुढे अस्सल गाड्यांची नोंदणी सुरू झाली आणि लोक आपापल्या बॉड्या घेऊन 'हीच का ती?' म्हणून रांगा लावू लागले.

आता आतली गोष्ट. वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त मन लावून जपल्या जाणाऱ्या गाड्या बहुधा नकलाच असतात. अस्सल मँक्सवाल्याला किमतीची काळजी असते, म्हणून तो हात आखडता घेतो. नकलेच्या मालकाला विकायचीच नसते. वडिलांनी बांधलेली असते, एवढं त्याला पुरतं.

समुद्रात शिरलेला हिरो

अस्सल-नक्कल या वादावर एक उतारा म्हणून स्टीव्ह मॅक्वीनची बग्गी सांगतात. १९६८ च्या 'द थॉमस क्राउन अफेअर' या सिनेमात तो फे डनवेला शेजारी बसवून मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मँक्स उडवतो. गाडी स्वतः चालवायचा हट्ट त्याचाच. इंजिन अर्थातच कॉर्वेअरचं, सुरुवातीच्या किश्शातलं. शूटिंगच्या वेळी एक्सलेटर अडकला आणि गाडी दोघांसकट पाण्यात घुसली, असं मॅक्वीन पुढे रंगवून सांगायचा.

या गाडीत मूळ मँक्सचं राहिलं होतं तरी काय? हेडलाइट जागचे उचलून नाकात बसवलेले, काच वेगळी, मागचा भाग वेगळा, इंजिन परक्या कंपनीचं. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत असं सगळं. तीच गाडी मार्च २०२० मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ४ लाख ५६ हजार डॉलरला गेली. तेव्हापासून एखादा ग्राहक 'सगळं कंपनीसारखं ओरिजिनल करा' म्हणाला, की आमचा मुख्य मेकॅनिक शांतपणे विचारतो, "कुठल्या कंपनीसारखं?"

खाज, थंड पाणी आणि धीर

फायबरचं काम फोटोत जितकं चकचकीत दिसतं तितकं प्रत्यक्षात अंगाला खाज आणणारं असतं. जुनी बॉडी ग्राइंडरने घासली, की काचेच्या तंतूंची बारीक धूळ उडते आणि कातडीच्या छिद्रांत जाऊन बसते. नवा पोरगा पहिल्या दिवशी घरी जाऊन गरम पाण्याने कडक अंघोळ करतो आणि रात्रभर खाजवत बसतो. गरम पाण्याने छिद्रं उघडतात आणि धूळ आणखी आत जाते. जुने लोक काम सुरू करायच्या आधी हाता-मानेला भरपूर टाल्कम पावडर फासतात आणि संपल्यावर आधी थंड पाणी घेतात.

जुन्या बॉडीवर जागोजागी कोळ्याच्या जाळ्याच्या आकाराच्या भेगा असतात. त्या वरच्या जेलकोटच्या. साच्यात सगळ्यात आधी फवारला जातो तो हा रंगीत थर. काचेच्या चटया आणि रेझिन त्याच्या मागे. भेगेवर पुट्टी भरून रंग मारला, की गाडी दोन महिने सुंदर दिसते आणि उन्हाळा आला की तीच जाळी पुन्हा वर येते. कारण भेग वर दिसत असली, तरी मुळाशी बॉडी तिथे लवत असते. कुठेतरी बोल्ट जास्त आवळलाय, नाहीतर आतला थरच पातळ आहे. म्हणून आतल्या बाजूने घासून नवे थर चढवायचे, मग बाहेरची भेग उघडून भरायची. जुनं पॉलिस्टर पूर्ण वाळलेलं असतं. नवं रेझिन त्याच्याशी रासायनिक नातं जोडत नाही, खरखरीत पृष्ठभागाला फक्त पकडून राहतं. त्यामुळे चाळीस नंबरच्या सँडपेपरने निर्दयपणे घासावं लागतं आणि कडा लांबवर उतरती करावी लागते. गुळगुळीत जागेवर लावलेलं ठिगळ नखाने उचलून येतं. अशी कितीतरी ठिगळं आम्ही अख्खीच्या अख्खी सोलून काढलीत.

हार्डनरचं गणित आणखी नाजूक. रेझिनच्या एक ते दोन टक्के घालायचं. घाईत कुणी डबल घातलं, की डब्यातच धूर निघायला लागतो आणि मिश्रण तडकतं. थंडीत कमी पडलं, तर दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं. हा धडा शिकवून येत नाही. एक डबा तरी वाया जावाच लागतो.

दिखाऊ इंजिन, तापट इंजिन

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जाहिरात साधी होती: रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणून उकळणं नाही, गोठणं नाही. लोकांनी त्याचा अर्थ 'काही लागतच नाही' असा काढला. बीटलच्या इंजिनाभोवती पत्र्याची जी आवरणं असतात, ती शोभेची नसतात. डायनामोच्या टोकाला बसलेला पंखा गार हवा ओढतो, हे पत्रे ती हवा सिलिंडरांच्या पंखांवरून खाली ढकलतात आणि खालची तापलेली हवा पुन्हा वर येऊ देत नाहीत. बग्गीत इंजिन उघड्यावर असतं, मग हौशी मालकाला वाटतं, हे काळे पत्रे कशाला? काढून टाकतो किंवा त्यांना क्रोम करून आणतो. मग तेल तापतं, आवाज बदलतो आणि एक दिवस तीन नंबरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मान टाकतो. तीन नंबरचाच का? कारण जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात नेमका त्याच्या हवेच्या वाटेत बसलेला असतो. १९७१ पासून कारखान्याने कूलरची जागा बदलली ती याच कारणाने.

दुसरं दुखणं पेट्रोलच्या नळीचं. कापडाची वीण असलेली जुनी रबरी नळी आतून कुजते, बाहेरून मात्र ठणठणीत दिसते. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने ती आणखी लवकर जाते. इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. एकदा तो पेटला, की पाणी मारून आग विझत नाही, उलट भडकते; वर बॉडी फायबरची, तीही जळणारीच. आमच्याकडे कुठल्याही कामासाठी गाडी आली, तरी नळ्या आधी बदलल्या जातात. ग्राहकाने सांगितलेलं नसलं तरी, आणि बिलात लावल्या नाहीत तरी.

अण्णांनी पकडलेला चोर

अर्व्हाइनला राहणारा सॉफ्टवेअरवाला एक सांगलीकर, त्याची पिवळी बग्गी. नकलेची नक्कल, पण जीव ओवाळून टाकलेला. तिचं वायरिंग कुणालाच दाद देत नव्हतं. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिचकायचा, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा नाचायचा. बल्ब, फ्लॅशर, स्विच, सगळं बदलून झालं. त्याच सुमाराला त्याचे वडील आले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त. लेकाबरोबर ते आमच्याकडे आले आणि हात मागे बांधून गाडीभोवती फेऱ्या मारू लागले.

"अण्णा, तुम्ही बसा हो. अजून झोप पुरी झालेली नाही तुमची."

"झोप काय पळून जातीय? हितं बघ. बॉडी कशाची म्हनलास?"

"फायबरची."

"मग करंट माघारी जातोय कुठनं? यष्टीला पत्रा असतोय, दिवा कुठंबी लाव, अर्थ मिळतोय. हितं पत्रा न्हाई. अर्थ मार खातोय तुझा."

पुढचा तासभर अण्णा सीटखाली पाठीवर झोपून होते. जर्मन वायरिंगमध्ये तपकिरी वायर म्हणजे अर्थ. गाडी बांधणाऱ्या त्या पहिल्या अनामिक अमेरिकन गृहस्थाने तपकिरी वायर सरसकट दिव्यांच्या चालू बाजूला वापरली होती आणि अर्थसाठी हाताला येईल ती. त्यांतल्या तीन वायरी तर नुसत्या फायबरला स्क्रूने घट्ट केलेल्या. म्हणजे कुठेच न जोडलेल्या! प्रत्येक दिवा दुसऱ्या दिव्याच्या पोटातून परतीची वाट शोधत होता. अण्णांनी बॅटरीपासून एक जाड तांब्याची वायर पुढे आणि एक मागे ओढली, दोन्ही टोकांना पट्टी लावली आणि एकूण एक दिव्याचा अर्थ त्या पट्टीवर आणला. काटा नाचायचा थांबला.

निघताना त्यांनी विचारलं, "पर हे आरटीओ पास कसं करतंय?" मुलाने कागद दाखवला: १९६३ ची फोक्सवॅगन. अण्णा बराच वेळ हसत होते. आपल्याकडे हे जमायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. भारतात फायबरच्या हौशी गाड्या झाल्याच नाहीत असं नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने देखणी रोडस्टर बनवली, पण तिला पाण्याने थंड होणारं १.८ लिटरचं इसुझू इंजिन आणि जुळणीही कारखान्याची. जुनी गाडी कापून घरच्या अंगणात नवी उभी करायची मुभा आपल्या कायद्यात बसत नाही. बोल्टने आवळलेला तो सांधा पाहिला असता, तर अण्णांनीही कायद्याच्या बाजूने मत दिलं असतं.

काय काढायचं, काय ठेवायचं

जुन्या मालकाच्या करणीचं करायचं काय, हा रोजचा वाद. आमच्याकडे नियम ठरलेला आहे: जिवाला धोका असेल ते विचारत बसायचं नाही, काढायचं. नुसतं कुरूप असेल ते मालकाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. बोल्टने आवळलेला टनेल गेला. त्याच गाडीच्या डॅशबोर्डमधला स्वयंपाकघरातल्या कपाटाचा पितळी नॉब मात्र अजून चोक म्हणून काम करतोय. चमकी घातलेला जुना जेलकोट फिका पडला, तरी शक्यतो पॉलिश करून ठेवतो, कारण तसा थर साच्यात आधी चमकी, मागून रेझिन अशा क्रमाने बनतो. वरून फवारलेल्या नव्या रंगाला ती खोली येत नाही. बग्गी बीटलपेक्षा बरीच हलकी, म्हणून पुढच्या टॉर्शनमधल्या काही पट्ट्या काढून टाकतो, नाहीतर गाडी दर खड्ड्याला उडते. हा बदल कंपनीने सांगितलेला नव्हता, तो घरोघरच्या कारागिरांनी शोधला आणि हळूहळू सगळीकडे मुरला. दुसऱ्या अर्ध्या भागाचीही अक्कल असते, ती अशी.

मायर्सलाही हे उमगलं असावं. पुन्हा धंद्यात उतरल्यावर २००२ च्या सुमारास त्याने मँक्सटर नावाचं नवं किट आणलं. त्याची बॉडी बीटलच्या अख्ख्या, न कापलेल्या पॅनवर बसते. चौदा इंचांनी लोकांच्या किती गाड्या तिरक्या केल्या, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं असेल? २०१४ मध्ये ओल्ड रेडची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या यादीत नोंद झाली. २०२० मध्ये मायर्सने कंपनी विकली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला.

नव्या मालकांनी २०२२ मध्ये विजेवर चालणारी मँक्स जाहीर केली. तोच फुगीर मडगार्ड, तेच उचललेलं नाक, पण गाडी कारखान्यातूनच पूर्ण होऊन येणार. कापायला पॅन नाही, तापायला तीन नंबरचा सिलिंडर नाही, उलटं फिरणारं इंजिन नाही. गाडी चांगलीच असेल. फक्त तिच्यात मालकाला चुकायला जागा ठेवलेली नाही, त्यामुळे आणखी पन्नास वर्षांनी ती एखाद्या वर्कशॉपमध्ये आली, तर तिथल्या माणसांना पार्ट बदलण्यापलीकडे फारसं काम उरणार नाही आणि सांगायला किस्साही मिळणार नाही.